पांघरुणाचा न्याय : ख्रिस्ती धर्मग्रंथांतील दीनांविषयीची ईश्वरी दया

प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्म आणि गरिबांची सेवा यांचा संबंध भारतीय वाचकाला अपरिचित नाही. दवाखाने, अनाथालये, कुष्ठधाम, शाळा यांच्या रूपाने तो ठिकठिकाणी दिसतो. त्यामुळे ख्रिस्ती धर्मग्रंथांत सांगितलेली दीनांविषयीची ईश्वरी दया म्हणजे दानधर्म आणि परोपकार, असा समज सहज होतो. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढेही बहुधा हीच मांडणी येते. मूळ ग्रंथ क्रमाने वाचला की हा समज अपुरा असल्याचे लक्षात येते. तेथे दयेचा उगम दात्याच्या मोठ्या मनात नसून गरिबाच्या हाकेत आहे. गरीब हाक मारतो, ईश्वर ती ऐकतो, आणि ऐकली म्हणून ज्याच्याजवळ काही आहे त्याच्यावर बंधन येते. म्हणजे दया हा गरिबाचा हक्क ठरतो. हा विचार कसा रुजला आणि कसा वाढला हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बायबलचे दोन भाग आहेत. 'जुना करार' हा यहुदी समाजाचाही धर्मग्रंथ असून तो बव्हंशी हिब्रू भाषेत आहे. 'नवा करार' ग्रीक भाषेत असून त्यातील लेखन मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहे. ख्रिस्ती परंपरा दोन्ही भागांना पवित्र मानते. शेकडो वर्षांच्या अवधीत तयार झालेल्या या ग्रंथांतील सर्व उल्लेखांचा परामर्श एका लेखात घेणे अशक्य आहे. म्हणून येथे एका साध्या वस्तूचा माग घेतला आहे. ती वस्तू म्हणजे गरिबाचे पांघरूण.

शब्दांची घडण

'गरीब' या अर्थी हिब्रूत एकच शब्द नाही. 'आनी' म्हणजे दडपला गेलेला, वाकविला गेलेला. 'एव्योन' म्हणजे गरजवंत, ज्याला मागण्यावाचून उपाय नाही असा. 'दाल' म्हणजे क्षीण, दुबळा. थोडी जमीन असूनही तग धरू न शकणाऱ्या शेतकऱ्यालाही हा शब्द लागू पडतो. 'राश' म्हणजे केवळ निर्धन. मराठी बायबलमध्ये दीन, दरिद्री, कंगाल, गरीब असे निरनिराळे शब्द येतात, त्यामागे ही विविधता आहे. यांपैकी 'आनी' हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. वाकलेला म्हटले की वाकविणारा कोण, हा प्रश्न त्यातच येतो.

ग्रीक भाषेत दोन शब्द प्रचलित होते. 'पेनेस' म्हणजे हातावर पोट असलेला कष्टकरी, आणि 'प्तोखोस' म्हणजे अंग चोरून हात पसरणारा, पूर्ण निराधार माणूस. नव्या करारात 'पेनेस' हा शब्द फक्त एकदा, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (९:९) आला आहे, आणि तोही जुन्या करारातील एका स्तोत्राच्या अवतरणात. इतरत्र गरीब या अर्थी मुख्यतः 'प्तोखोस' हाच शब्द येतो. येशू ज्यांच्याविषयी बोलतो ते समाजाच्या अगदी तळाचे लोक आहेत, हे या निवडीवरून दिसते.

ईश्वराच्या दयेसाठी हिब्रूत 'हेसेद' आणि 'रहमीम' हे दोन प्रमुख शब्द आहेत. 'हेसेद' म्हणजे नात्याला आणि दिल्या शब्दाला जागणारी प्रीती. 'रहमीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी निगडित आहे. आईला पोटच्या पोराविषयी वाटणारा कळवळा त्यात सूचित होतो. हिब्रू आणि अरबी या एकाच भाषाकुळातील भाषा असल्याने अरबीतील 'रहम', 'रहमत' हे शब्द याच धातूचे आहेत. ते मराठीच्याही ओळखीचे आहेत.

तिसरा शब्द या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्त्व, न्याय्य वर्तन. पुढील काळातील हिब्रूत याच शब्दाला 'गरिबाला दिलेले दान' असा अर्थ प्राप्त झाला. अरबीतील 'सदका' हा शब्द त्याच कुळातला. अर्थात शब्द एका कुळातले असले म्हणजे दोन धर्मांतील कल्पना एकच ठरतात असे नव्हे. प्रत्येक परंपरेने त्यांना स्वतंत्र आशय दिला आहे. तरीही न्याय आणि दान यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या समाजात दान हे ऐच्छिक पुण्यकर्म राहात नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

नियमशास्त्रातील पांघरूण

जुन्या कराराच्या पहिल्या पाच पुस्तकांना नियमशास्त्र म्हणतात. त्यांतील 'निर्गम' या पुस्तकात मिसरच्या गुलामगिरीत पिचलेल्या इस्राएल लोकांची कथा आहे. त्यांचा आक्रोश आपण ऐकला, असे ईश्वर मोशेला सांगतो (३:७) आणि त्यांच्या मुक्ततेस प्रारंभ होतो. याच पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात (२१ ते २७) या मुक्त झालेल्या लोकांनाच ताकीद दिली आहे. परक्यावर जुलूम करू नये, कारण तुम्हीही मिसरात परके होता. विधवा व अनाथ यांना गांजू नये. गांजल्यास ते हाक मारतील आणि ती हाक ईश्वर ऐकेल. मिसरात ज्यांचा आक्रोश ऐकला गेला, त्यांच्याविरुद्धचा आक्रोशही त्याच कानांनी ऐकला जाईल, असा या नियमाचा रोख आहे.

याच ठिकाणी पांघरूण येते. गरिबाला कर्ज दिले तर व्याज घेऊ नये. त्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, कारण त्याला तेवढेच एक पांघरूण असते, आणि ते नसेल तर तो निजेल कशात? पॅलेस्टाईनच्या डोंगराळ भागात रात्री गार असतात. दिवसा अंगावर घ्यायचे जाड वस्त्र हेच रात्री गरिबाचे अंथरूण-पांघरूण असे. नियमाच्या शेवटी कारण दिले आहे : त्याने हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी दयाळू आहे, असे ईश्वर म्हणतो. ईश्वराच्या दयाळूपणाचे हे विधान उपासनेच्या मंत्रात आलेले नाही. ते सावकारीच्या कलमात आले आहे. धर्मज्ञान आणि गहाणवटीचा व्यवहार येथे एकाच वाक्यसमूहात नांदतात.

'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात हाच नियम अधिक तपशिलाने येतो. गहाण घेण्यासाठी सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, ऋणको स्वतः वस्तू आणून देईल. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तो त्या घराचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. विधवेचे वस्त्र तर मुळीच गहाण घेऊ नये. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. घराचा उंबरठा, जाते, पांघरूण, दिवसाची मजुरी या चार गोष्टींत गरिबाची अब्रू, अन्न, ऊब आणि श्रम सामावतात. कर्ज थकले तरी या चार गोष्टींना हात लावण्यावर मर्यादा आहेत. सूर्यास्तापूर्वी पांघरूण परत करणे हे ईश्वरापुढे 'त्सेदाका' ठरेल, असे याच अध्यायात (१३) म्हटले आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या ठिकाणी दया किंवा दानधर्म या अर्थाचा शब्द योजला आहे. न्याय आणि दया यांतील अंतर भाषांतरकारांनाही तेथे जाणवलेले दिसत नाही.

शेतीविषयीचे नियमही याच धर्तीचे आहेत. पीक कापताना शेताचे कोपरे सोडावेत, पडलेला सरवा वेचू नये, शेतात विसरलेली पेंढी आणण्यासाठी मागे फिरू नये. ते सर्व गरीब, परके, अनाथ व विधवा यांचे आहे (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२). सरवा वेचणाऱ्याला मालकासमोर हात पसरावा लागत नाही. तो स्वतः श्रम करून आपला वाटा घेतो. हा नियम व्यवहारात कसा चाले याचे चित्र 'रूथ' या छोट्या पुस्तकात आहे. मवाब देशातून आलेली ही विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते, आणि शेतमालक बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम खाली पाडायला सांगतो (२:१६). ती परकी स्त्री पुढे दावीद राजाची पणजी झाली.

दर सातव्या वर्षी कर्जमाफी करावी, असाही नियम आहे (अनुवाद १५). सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला कर्ज नाकारू नये, असे त्यातच बजावले आहे. माणूस पळवाट कोठे शोधील, हे नियमकर्त्याला ठाऊक होते. दर पन्नासाव्या 'योबेल' वर्षी विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असे लेवीय २५ मध्ये म्हटले आहे. जमीन ईश्वराची आहे, माणसे तिच्यावर पाहुणी आहेत, ही त्यामागची भूमिका.

या दयेला एक मर्यादाही घातलेली आहे. न्यायनिवाडा करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि श्रीमंताचे तोंडही पाहू नये (लेवीय १९:१५). गरीब आहे म्हणून खोटा दावा खरा ठरत नाही. त्याच वेळी, न्यायासनापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे पांघरूण, जाते आणि मजुरी सुरक्षित केलेली आहे.

खापरावरची फिर्याद

हे नियम केवळ ग्रंथात होते, की सामान्य माणसाच्या जीवनातही असे प्रसंग येत होते? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक पुरावा १९६० साली मिळाला. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ, प्राचीन यव्ने बंदराच्या दक्षिणेस, मेसाद हशव्याहू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहान किल्ल्याच्या अवशेषांत पुरातत्त्वज्ञ योसेफ नावे यांना मातीच्या भांड्याचा तुकडा सापडला. त्यावर शाईने हिब्रू मजकूर लिहिलेला होता. हे लेखन इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते.

मजकूर एका कापणी करणाऱ्या मजुराच्या फिर्यादीचा आहे. तो आपल्या अधिकाऱ्याला विनवितो की, नेमून दिलेली कापणी आपण पूर्ण केली, धान्य साठविले. तरीही शोबाईचा मुलगा होशयाहू आला आणि आपले वस्त्र घेऊन गेला. उन्हात बरोबर कापणी करणारे सोबती आपल्या बाजूने साक्ष देतील. आपण निर्दोष आहोत, आपले वस्त्र परत मिळवून द्यावे. शेवटचा भाग तुटलेला आहे. अधिकाऱ्याने काय निर्णय दिला हे त्यामुळे कळत नाही.

मजुराने नियमशास्त्रातील कोणत्याही वचनाचा आधार घेतलेला नाही. वस्त्र कर्जापोटी गहाण नेले होते की काम कमी केल्याचा दंड म्हणून जप्त केले होते, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी दोन गोष्टी स्पष्ट होतात. गरिबाचे वस्त्र काढून घेणे हा त्या समाजातला खराखुरा प्रकार होता. आणि ते परत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे एका साध्या मजुराला वाटत होते. ज्याला लिहिता येत नसण्याचीच शक्यता अधिक, त्याने कोणाकडून तरी फिर्याद लिहून घेतली. ग्रंथात ज्या हाकेविषयी वाचावयास मिळते, तशीच एक हाक येथे खापरावर उमटलेली आहे.

संदेष्ट्यांचा आरोप

नियम झाले म्हणजे ते पाळले जातात असे नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात यराबाम दुसरा याच्या कारकिर्दीत समृद्धी होती. त्याच वेळी दक्षिणेकडील तकोवा गावचा, गुरे राखणारा व उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा आमोस तेथे येऊन बोलू लागला. त्याच्या आरोपपत्रात पांघरूण पुन्हा येते. गहाण घेतलेली वस्त्रे पसरून लोक वेदीजवळ आरामात पहुडतात (आमोस २:८), असे तो म्हणतो. जे पांघरूण सूर्यास्तापूर्वी गरिबाच्या घरी जावयास हवे होते, त्यावर बसून उपासना चालली होती. नियम मोडणारे अधार्मिक नव्हते. ते देवळातच होते. जोड्याच्या एका जोडासाठी गरिबाची विक्री होते, मापे लहान आणि वजने मोठी केली जातात, हेही त्याने सांगितले (२:६, ८:५-६).

यशयाच्या ५८ व्या अध्यायात उपासाचा प्रश्न चर्चिला आहे. आम्ही उपास करतो तरी ईश्वर पाहात नाही, अशी लोकांची तक्रार आहे. उत्तर असे की, त्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता. ईश्वराला आवडणारा उपास म्हणजे जुलमाची बंधने सोडणे, भुकेल्याबरोबर भाकरी वाटून घेणे, उघड्याला वस्त्र देणे. यिर्मया तर ईश्वराला जाणणे म्हणजे काय, याची व्याख्याच देतो. योशीया राजाने दीनदुबळ्यांचा न्याय केला. ईश्वराला जाणणे ते हेच, असे तो त्याच्या मुलाला सुनावतो (२२:१५-१६).

संदेष्टे व सुधारक यांना नेहमी यश आले असे नाही. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असता सिद्कीया राजा व प्रतिष्ठित लोकांनी हिब्रू गुलामांना मुक्त केले. वेढा काही काळ उठताच त्यांनाच पुन्हा गुलाम केले (यिर्मया ३४). पुढे पाचव्या शतकात नहेम्याच्या काळी कर्जापायी शेते गहाण पडली, मुलेमुली दास्यात गेली. लोकांचा आक्रोश ऐकून नहेम्याने सावकारांना भर सभेत जाब विचारला आणि शेते, द्राक्षमळे व व्याज परत करण्याची शपथ घ्यावयास लावली (नहेम्या ५). येथेही प्रारंभ आक्रोशानेच होतो.

येशूची शिकवण

नवा करार हा विचार टाकून देत नाही. लूककृत शुभवर्तमानानुसार येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईवडिलांनी मंदिरात पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले (२:२४). कोकरू परवडत नसेल तर असे अर्पण करावे, ही सवलत नियमशास्त्रात गरिबांसाठी आहे (लेवीय १२:८). येशूचे कुटुंब कोणत्या थरातले होते हे लूक एवढ्यावरून सुचवितो. पुढे नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाच्या ग्रंथातील दीनांना सुवार्ता सांगणारा उतारा वाचतो आणि हे आज पूर्ण झाले आहे असे म्हणतो (४:१६-२१). त्या उताऱ्यातील 'प्रसादाचे वर्ष' हा शब्दप्रयोग योबेल वर्षाची आठवण करून देतो, असे अनेक भाष्यकार मानतात.

डोंगरावरील प्रवचनात मत्तय 'आत्म्याने दीन' असलेल्यांना धन्य म्हणतो (५:३). लूकमध्ये मात्र नुसते 'दीन' आहे, आणि पुढे श्रीमंतांना इशाराही आहे (६:२०, २४). या फरकावर ख्रिस्ती परंपरेत दीर्घ चर्चा झाली आहे. दीनता म्हणजे नम्रता असा केवळ आध्यात्मिक अर्थ घेतला तर लूकचे शब्द बोथट होतात. केवळ आर्थिक अर्थ घेतला तर दारिद्र्यालाच पावित्र्य दिल्यासारखे होते. 'आनी' या जुन्या शब्दात दोन्ही अर्थ आहेत : जो वाकविला गेला आहे आणि ज्याला ईश्वरावाचून आधार उरलेला नाही, तो.

येशूच्या दृष्टान्तांपैकी लाजर व श्रीमंत मनुष्य यांची गोष्ट (लूक १६:१९-३१) या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. श्रीमंत जांभळी, तलम वस्त्रे नेसतो. त्याच्या दाराशी अंगावर फोड झालेला लाजर पडलेला असतो. मृत्यूनंतर दोघांची स्थिती उलट होते. श्रीमंताने लाजराला लुबाडले किंवा मारले असे कोठेही म्हटलेले नाही. तो रोज त्याच्या दारावरून गेला, एवढाच त्याचा अपराध. येशूच्या दृष्टान्तांतील माणसांत नाव फक्त या गरिबाला आहे, आणि त्या नावाचा अर्थ 'ईश्वर साहाय्य करतो' असा आहे. श्रीमंताला नाव नाही. आपल्या भावांना सावध करण्यासाठी लाजराला पाठवावे, अशी विनंती तो करतो. तेव्हा मोशे व संदेष्टे त्यांच्याजवळ आहेत, असे उत्तर मिळते. म्हणजे पांघरुणाचा आणि मजुरीचा तो जुना नियमच पुरेसा आहे.

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तात (मत्तय २०:१-१६) सकाळी आलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखाच एक दिनार मिळतो. दिनार ही दिवसाची मजुरी होती. उशिरा आलेले आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. मजुरी संध्याकाळी चुकती होते, हा तपशील अनुवाद २४ मधील नियमाला धरून आहे. मालकाच्या औदार्यात दिवसाच्या गरजेचा विचार आहे.

न्यायाच्या दिवसाचे चित्र मत्तय २५:३१-४६ मध्ये येते. तेथे राजा भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याशी स्वतःचे तादात्म्य सांगतो. उघड्याला वस्त्र दिले किंवा नाकारले ते खुद्द राजालाच. जुन्या करारात ईश्वर गरिबाची हाक ऐकणारा होता; येथे तो हाक मारणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. ख्रिस्ती विचारातील हे मोठे वळण होय.

एका वचनाचा गैरवापर

गरीब सदैव तुमच्याजवळ असतात, या आशयाचे येशूचे एक वचन (मार्क १४:७) पुष्कळदा उद्धृत केले जाते. दारिद्र्य अटळ आहे, ते दूर करण्याचा खटाटोप व्यर्थ, असा अर्थ त्यातून काढला जातो. हे वचन अनुवाद १५:११ ची आठवण देते. तेथील वाक्य अर्ध्यावर तोडता येत नाही. देशातून गरीब नाहीसे होणार नाहीत, म्हणूनच आपला हात मोकळा ठेव, अशी ती आज्ञा आहे. त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात तुमच्यात कोणी गरीब असू नये, असेही म्हटले आहे. एक ध्येय आहे, दुसरे वास्तव आहे, आणि दोहोंच्या मध्ये माणसाचे कर्तव्य आहे. मार्कच्या वचनातही, इच्छा होईल तेव्हा त्यांचे भले करता येईल, असे शब्द आहेत. वचन संदर्भासह वाचण्याची गरज पटवून देण्यासाठी वर्गात याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पहिल्या मंडळीतील व्यवहार

येशूनंतरच्या पहिल्या अनुयायांनी यरुशलेमात मालमत्ता सामाईक केली आणि त्यांच्यात कोणी गरजवंत राहिला नाही, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते (४:३२-३५). अनुवाद १५:४ मधील ध्येयाचा हा प्रतिध्वनी आहे. मात्र ग्रंथकार अडचणी लपवीत नाही. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार लवकरच आली (६:१). तक्रार दडपली गेली नाही. या कामासाठी सात जण नेमले गेले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्या हाती व्यवस्था दिली गेली, असा याचा अर्थ अनेक भाष्यकार घेतात.

पौलाने ग्रीक शहरांतील मंडळ्यांकडून यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिताना तो आज्ञा करीत नाही, पण 'समानता' या शब्दावर भर देतो : एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढो (२ करिंथ ८:१३-१५). याकोबाच्या पत्रात भाषा अधिक कठोर आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगले आसन आणि मळक्या वस्त्राच्या गरिबाला पायाशी जागा, हा भेदभाव तो धिक्कारतो (२:१-४). उघड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणे निष्फळ आहे असे सांगतो (२:१५-१६). शेवटी तो शेतमालकांकडे वळतो : तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडत आहे आणि कापणी करणाऱ्यांच्या आरोळ्या ईश्वराच्या कानी गेल्या आहेत (५:४). निर्गमातील आक्रोश आणि खापरावरच्या मजुराची फिर्याद वाचलेल्या वाचकाला हे शब्द नवे वाटणार नाहीत.

चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथील बिशप बासिल (मृत्यू ३७९) यांनी हा विचार टोकाला नेला. पेटीत पडून राहिलेला जादा अंगरखा उघड्या माणसाच्या मालकीचा आहे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. गहाण ठेवलेले पांघरूण परत करण्यापासून निघालेला विचार, न दिलेले वस्त्रही परत करणेच आहे, येथवर आला.

मर्यादा आणि मतभेद

या परंपरेची दुसरी बाजूही अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. सातव्या वर्षाची कर्जमाफी परक्याला लागू नव्हती (अनुवाद १५:३). परक्या गुलामांना कायमचे ठेवण्याची मुभा लेवीय २५ मध्येच आहे, आणि पुढील शतकांत गुलामगिरीच्या समर्थकांनी तिचा आधार घेतला. योबेल वर्ष प्रत्यक्षात पाळले गेल्याची हकिगत बायबलमध्ये कोठेही नाही. कर्जमाफीच्या भीतीने सावकार कर्जच देईनासे झाले तेव्हा, यहुदी परंपरेनुसार, येशूच्या काही काळ आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या आचार्यांनी न्यायालयामार्फत वसुलीचा हक्क राखण्याची सोय केली. गरिबाला कर्ज मिळावे हाच तिचा हेतू होता.

ख्रिस्ती समाजातही दान आणि न्याय यांतील ताण कायम राहिला. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन येथे भरलेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेने दारिद्र्याच्या मुळाशी असलेल्या अन्यायाकडे बोट दाखविले. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ च्या ग्रंथानंतर 'मुक्तीचे ईशज्ञान' ही विचारधारा नावारूपास आली. १९८४ मध्ये व्हॅटिकनने तिच्यातील मार्क्सवादी विश्लेषणाच्या वापरावर आक्षेप घेतले. गरिबांची बाजू घेणे म्हणजे नेमके काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मराठी वाचकाच्या हाती

हे ग्रंथ मराठीला परके नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी जुन्या व नव्या करारांची कथा मराठी ओवीत सांगणारे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रियांना आणून आश्रय दिला, आणि केडगाव येथे 'मुक्ती'चे काम उभे केले. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हाकेविषयी ग्रंथ बोलतो त्यांनाच तो वाचता यावा, असा हा प्रयत्न होता. 'सरवा', 'पेंढी', 'जाते', 'गहाण' हे शब्द मराठी बायबलमध्ये सहज बसतात, कारण ते येथल्या शेतकरी जीवनाचेच शब्द आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. एक, ख्रिस्ती धर्मग्रंथांत ईश्वराची दया गरिबाची हाक ऐकण्यातून प्रकट होते आणि लगेच कोणाच्या तरी कर्तव्याचे रूप घेते. दोन, हे कर्तव्य मोजता येण्यासारखे आहे : सूर्यास्तापूर्वी, याच दिवशी, शेताचा हा कोपरा, हे सातवे वर्ष. तीन, उपासना आणि गरिबाचा हक्क यांत विरोध आला तर ग्रंथ उपासनेलाच जाब विचारतो.

दया या मूल्यावर तास घेताना शिक्षकांना या क्रमाचा उपयोग होऊ शकेल. दया म्हणजे काय, असा प्रश्न विचारला की विद्यार्थी बहुधा भीक घालण्याची उदाहरणे देतात. निर्गम २२, आमोस २ आणि याकोब ५ हे तीन उतारे शेजारी ठेवून, त्यांच्या मध्ये त्या मजुराची फिर्याद वाचून दाखविली, तर प्रश्न बदलतो. कोणी किती दिले, या जागी कोणाचे वस्त्र कोणाकडे राहिले आहे, असा प्रश्न उभा राहतो. आजच्या थकलेल्या मजुरीला, गहाण पडलेल्या जमिनीला आणि कर्जापायी सुटलेल्या शिक्षणालाही तो लावून पाहता येतो.